मागच्या खोलीवरचं पाणी

इंजिनिअर स्टुलावर उभा राहून छताला हातोडी मारत होता आणि आई खाली खाटेवर बसून ऐकत होती. हातोडी लहानशीच होती. समोरच्या खोलीत तिचा आवाज टण् टण् असा खणखणीत आला होता. मागच्या खोलीत, म्हणजे आईच्या खोलीत, तो बदलला. बद्. बद्. इंजिनिअरने हात लांब करून आणखी दोन ठिकाणी मारून पाहिलं आणि खिशातून लाल खडू काढला. तो काही बोलायच्या आत आईच बोलली.

"फुटका हाय हा."

आई जन्मभर दर उन्हाळ्यात बाजारात माठ वाजवून घेत आली आहे. बोटाच्या पेराने मारायचं, कान लावायचा आणि कुंभाराने कितीही शपथा घेतल्या तरी बद्द वाजलेला माठ खाली ठेवायचा. तिला रिपोर्टची गरज नव्हती. मला होती. मी गणिताची बाई, कागदावर उतरल्याशिवाय मला काही पटत नाही.

हे सगळं दुखणं मीच विकत घेतलं होतं. मी मौद्याला शाळेत शिकवते आणि गेली कित्येक वर्षं नागपुरात आईपासून दूर, बस सोयीची पडते म्हणून, एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. बस सोयीची पडते हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं, की आई आणि मी एका घरात दोन दिवसांच्या वर टिकत नाही. तिसऱ्या दिवशी मिठावरून, नळावरून, टीव्हीच्या आवाजावरून आमची जुंपतेच. पण आता तिचे गुडघे गेले, माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली, आणि मी तोडगा काढला: वर माझ्यासाठी एक खोली बांधायची. खाली ती, वर मी. मध्ये एक स्लॅब असला की भांडण होणार नाही. या हिशोबावर मी इतकी खूश होते की घरमालकाला जूनमध्ये फ्लॅट सोडते असं सांगूनही टाकलं. मग नकाशा काढणारा म्हणाला, "घर जुनं आहे, आधी तपासणी करून घ्या, नुसती फॉर्मॅलिटी आहे." त्या फॉर्मॅलिटीने आईच्या डोक्यावर अकरा लाल गोल काढले.

तेवढ्यात मी आईवर एकदा घसरलेही. स्टूल ठेवायला खाट सरकवावी लागली, तेव्हा पुन्हा लक्षात आलं की खाट पंख्याखाली नाहीच, पार भिंतीला चिकटून आहे.

"किती वर्सं झाले सांगून राहिली मी तुले, खाट पंख्याखाली घे म्हणून. ऐकत काहून नाई तू?"

"तिथं वारा नाई लागत," आई म्हणाली.

पंख्याखाली वारा लागत नाही आणि भिंतीजवळ लागतो, हे शास्त्र जगात फक्त आमच्या आईकडे आहे. इंजिनिअरसमोर तमाशा नको म्हणून मी गप्प बसले.

रिपोर्ट आठवड्याने आला, चौदा पानांचा, फोटोंसकट. नववीचे पेपर तपासते तसा मी तो लाल पेन घेऊन वाचला. समोरची खोली आणि स्वयंपाकघर ठीक. मागच्या खोलीच्या स्लॅबमधल्या सळया गंजून फुगल्या आहेत आणि खालचं काँक्रीट त्यांना सोडून सुटलं आहे. वर खोली बांधण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. खाली ताबडतोब लोखंडी टेकू द्यावेत, खोलीचा वापर थांबवावा, स्लॅब तोडून नवा टाकावा. कारणाच्या रकान्यात एकच ओळ होती: पाण्याशी दीर्घकाळ संपर्क.

माझा संताप झाला. एक खोली वाढवायला गेले आणि होती ती खोली गेली. आई सत्त्याहत्तर वर्षांची, आणि तिला सांगायचं की ज्या खोलीत तू सगळा संसार केला तिथे आता झोपायचं नाही. बरं, ते सांगितल्यावर ती ऐकेल म्हणता? टेकू लागले त्या दिवशी तिने स्वतः उभं राहून ते लावून घेतले आणि माणसं गेल्याबरोबर त्यांच्यामध्ये खाट सरकवून पुन्हा आडवी झाली. दुसऱ्या दिवशी गेले तर एका टेकूला तिची औषधांची पिशवी लटकली होती आणि दुसऱ्यावर टॉवेल वाळत होता.

"आई, हे खांब शोभेसाठी नाई लावले. समोरच्या खोलीत चाल."

"समोरच्या खोलीत भट्टी हाय भट्टी. मले नाई जमत. अन् मी काय आज झोपून राहिली इथं? पडाचं असतं त कवाचंच पडलं असतं."

भावाला फोन केला. तो पुण्यात असतो आणि पुण्यातून त्याला नागपूर फार स्पष्ट दिसतं. "ताई, प्रॅक्टिकल विचार कर," तो म्हणाला. "एका स्लॅबसाठी कशाला जीव काढतेस? पूर्ण पाडून टाकू. बिल्डर फ्लॅट स्कीम करेल, आपल्याला दोन फ्लॅट देईल. तोपर्यंत आईला इकडे पाठव." आईला पाठव, जशी काही आई म्हणजे लोणच्याची बरणी, नीट बांधून गाडीत ठेवली की झालं. आईला विचारलं तर म्हणाली, "मी जाईन त याच घरातून जाईन," आणि टेकूवरचा टॉवेल काढून घडी घालायला लागली. म्हणजे आता सगळा प्रश्न एवढाच उरला होता: स्लॅब उन्हाळ्याच्या आत नवा झाला तर आई या घरात राहील. नाही झाला तर भाऊ येईल, मोठ्या आवाजात चार गोष्टी बोलेल आणि तिला घेऊन जाईल. आणि जूनमध्ये माझ्या डोक्यावरही छत नसणार होतं.

दवाखान्यांच्या धंतोलीत एका डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं की लोक शेजारच्या दवाखान्यात दुसऱ्याकडे जातात, तिथून तिसऱ्याकडे. मी छताचं तसंच केलं. पहिल्या ठेकेदाराने खालूनच छत पाहिलं, हात झटकले आणि तो म्हणाला, "तोडफोड कायले करता मॅडम? वरून कोटिंग मारून देतो, पाच वर्षं पाहाचं कामच नाही." दुसऱ्याला मी कोटिंगचं सांगितलं तर तो हसला. "कोटिंग-फोटिंग सब बेकार. वरून टिनाचा शेड टाका. खालचा स्लॅब खाली राहीन, पानी वरच्या वर जाईन." सळया आतून गंजल्या आहेत, त्यांचं काय? त्यावर तो म्हणाला की ज्या घरात सळई गंजली नाही असं घर त्याला दाखवा. तिसरा एक म्हातारा मिस्त्री होता, सावनेरकडचा. त्याने खडूच्या गोलांवर अंगठा फिरवला आणि एका वाक्यात निकाल दिला.

"ताई, हा तोडाच लागते."

बरं वाटलं. खरं बोलणारा माणूस भेटला म्हणून मी त्याला लगेच काम दिलं. तो सोमवारी येणार होता. मी शाळेत रजा टाकली, दार उघडं ठेवून बसले. अकरा वाजता फोन केला तर म्हणाला, "निंगूनच राहिलो ताई." एक वाजता, "बस, फाट्यावरच आहो." तीन वाजता फोन बंद. गुरुवारी हेच. पुढच्या सोमवारी त्याच्या साळ्याचं लग्न निघालं. दहावीची परीक्षा तोंडावर, माझ्या रजा संपत आलेल्या, आणि मी भर दुपारी उघड्या दारात बसून एका माणसाच्या फाट्यावरून निघण्याची वाट पाहत होते. मुख्याध्यापकांनी विचारलं, "घरी कोणाची तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, हो, छताची.

मार्च निम्मा झाला, ऊन चढलं, आणि आईची नवीन भुणभुण सुरू झाली.

"वरचा पाईप चालू कर ना वं. खोली तापून राहिली."

त्या वेळी मी रिपोर्टच्याच मागे लागले होते. समोरच्या खोलीवर आणि मागच्या खोलीवर पाऊस सारखाच पडतो. मग एक स्लॅब ठणठणीत आणि दुसरा सडका कसा? उत्तर माझ्याकडे तयार होतं: ज्या मिस्त्रीने बाबांसाठी हा स्लॅब टाकला त्याने मागच्या खोलीत सिमेंट खाल्लं. तो मिस्त्री केव्हाच गेला असणार, पण मी त्याला रोज शिव्या देत होते. इंजिनिअरने हे कारण लिहिलं नाही म्हणून मी त्यालाही फोनवर ऐकवलं. तो बिचारा तिशी-पस्तिशीचा, शांत माणूस. म्हणाला, "मॅडम, मी पुन्हा येऊन पाहतो. त्या दिवशी तुमच्या जिन्याच्या दाराला कुलूप होतं, किल्ली सापडत नव्हती, आणि मी खालूनच तपासलं. चूक माझीच आहे."

किल्ली आईच्या उशीखाली सापडली. इंजिनिअर आला आणि आम्ही दोघं वर गेलो. तो मागच्या खोलीवरच्या भागाशी जाऊन उभा राहिला. तिथे स्लॅबच्या चारही कडांना वीतभर उंच सिमेंटची मेड आहे, शेताच्या बांधासारखी. मेडीच्या आत काळा प्लास्टिकचा पाईप नागमोडी पसरलेला, त्याला बारीक भोकं, आणि भोकांभोवती पांढऱ्या क्षाराची पुटं.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

मी अभिमानाने सांगितलं. ते इथे जरा सविस्तर सांगते, कारण तो अभिमान फार दिवसांचा होता.

आमचे आजोबा गिरणीत होते. त्यांच्या खोलीवर टिनाचे पत्रे. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली माणूस नुसता बसत नाही, शिजतो. आई लग्न होऊन त्या खोलीत आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिला ऊन लागलं. उलट्या, ताप, बरळणं. कांदा चोळला, कैरी उकडून अंगाला लावली, ती वाचली, पण तेव्हापासून ऊन तिला सोसत नाही. बाबा वीज खात्यात कारकून झाले, या ले-आऊटमध्ये प्लॉट घेतला, आणि आमच्या खानदानातला पहिला स्लॅब टाकला. त्या दिवशी त्यांनी सकाळी बुद्धवंदना घेतली आणि संध्याकाळी मजुरांना पंगत बसवून खीर वाढली. जाताना मिस्त्रीने स्लॅबवर मातीची मेड घातली, पाणी भरलं आणि सांगितलं, "सायेब, सिमेंट म्हणजे तान्हं लेकरू. जेवढं पानी पाजाल तेवढं पक्कं होईन."

तो बोलला तराईबद्दल. नवा स्लॅब पक्का व्हायला तीन आठवडे त्यावर पाणी ठेवतात, ती तराई. पण उन्हाळ्याचे दिवस होते, आणि वर पाणी असताना खालची खोली इतकी गार राहिली की आई पहिल्यांदा दुपारी झोपली. तीन आठवडे झाले तरी बाबांनी मेड फोडली नाही. उलट पुढच्या वर्षी ती सिमेंटने पक्की बांधून घेतली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ऊन कलल्यावर बाबा विहिरीवरून बादल्या भरत आणि जिना चढून मागच्या खोलीवर ओतत. फक्त मागच्या खोलीवर, कारण आई तिथे झोपायची. त्यात दोन पुण्यं होती: आईला गारवा आणि स्लॅबला बळकटी. आल्यागेल्याला ते सांगत, "आमचा स्लॅब पानी पेऊन पेऊन लोखंड झाला."

बाबा गेले तेव्हा आईचे गुडघे जिना चढायच्या लायकीचे राहिले नव्हते. मग मी डोकं चालवलं. बोअरच्या मोटारीला जोडून वर पाईप नेला, त्याला खिळा तापवून भोकं पाडली, खाली टायमर लावला. दुपारी बाराला आपोआप सुरू, संध्याकाळी सहाला बंद. बाबा संध्याकाळी पाणी टाकत, तोवर दुपार तर तापून गेलेलीच असायची. माझं पाणी ऐन उन्हात पडायचं. हे बाबांना कसं सुचलं नाही याचं मला नवल वाटायचं. बोअरच्या पाण्याने भोकं बुजत, म्हणून उन्हाळाभर दर रविवारी मी जायची, आधी वर चढून सुईने एकेक भोक मोकळं करायची, मग खाली येऊन जेवायची, आईशी थोडं भांडायची आणि परत यायची. इतर महिन्यांत जमेल तसं. आठ उन्हाळे मी हे केलं.

इंजिनिअरने सगळं ऐकून घेतलं. मग खाली बसला, पाईप बाजूला सारला आणि मला कोब्यावरच्या, म्हणजे स्लॅबवरच्या सिमेंटच्या थरातल्या, भेगा दाखवल्या. केसासारख्या बारीक, जाळं पसरावं तशा. "मॅडम, मेमध्ये भर बारा वाजता हा कोबा हात लावू देत नाही. त्यावर गार पाणी पडलं की तो तडकतो. मग भेगेतून पाणी आत, आणि ते बोअरचं, क्षाराचं. सळई वाचणार कशी?"

"पण बाबांनी तर चाळीस वर्षं..."

"ते किती वाजता टाकायचे?"

"ऊन गेल्यावर. स्लॅब निवल्यावर."

त्याने पुन्हा भेगेवर बोट ठेवलं. मला बाबांचा आवाज ऐकू आला. लहानपणी मी घाई करायची, चार वाजताच बादली घेऊन जिन्यात उभी राहायची, आणि ते म्हणायचे, "थांब वं. निवू दे त्याले. उन्हातून आलेल्या मानसाले कोनी लगेच पानी देते काय?" मला ते अडाण्याचं बोलणं वाटायचं. मी पुढे विज्ञान शिकले, गणित शिकवलं, टायमर लावला. पाणी पाजून स्लॅब पक्का होतो हे बाबांचं चुकलंच होतं, त्याचाही थोडाफार दोष असेलच, इंजिनिअर तसं म्हणालाही. पण छत मी मारलं होतं. आठ वर्षं, रोज दुपारी, मोटार लावून.

माणसाला आपली चूक कळल्यावर वाईट वाटतं म्हणतात. मला आधी राग आला. इंजिनिअरचा आला, कारण त्याने ते इतक्या शांतपणे सांगितलं. बाबांचा आला, कारण त्यांनी "निवू दे"च्या पुढे नीट कारण सांगितलं नाही. ज्या मेलेल्या मिस्त्रीला मी महिनाभर शिव्या दिल्या त्याचासुद्धा आला, कारण आता त्या शिव्या परत घ्याव्या लागणार होत्या.

आणि मग मी एक वाईट गोष्ट केली. संध्याकाळी भावाचा फोन आला. आईला ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला होता. पाण्यामुळे झालं म्हणतात, एवढंच मी बोलले. तो लगेच म्हणाला, "म्हणजे बाबांचीच मेहरबानी. मी तेव्हाच म्हणत होतो, रोज काय पाणी ओततात! बाबांनीच घालवलं घर." मी तोंड उघडायला हवं होतं. पाईपचं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "जाऊ दे आता." आई खाटेवर बसून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर आईचं अंथरूण समोरच्या खोलीत होतं. औषधांची पिशवी, टॉवेल, उशी, सगळं. दीड महिना मी जे हात जोडून, ओरडून, अबोला धरून करू शकले नव्हते ते त्या एका वाक्याने झालं. "झोपतो इथंच," ती म्हणाली. "माह्यापायीच झालं ना सारं." मला पाहिजे होतं तेच झालं होतं, आणि माझा चहा तसाच गार झाला. तरी मी बोलले नाही. काय बोलू? इतके दिवस सगळ्यांना फाडून खाल्लं होतं, आता त्याच तोंडाने काय सांगायचं?

एप्रिल लागला. मिस्त्रीने शेवटी साळ्याची शपथ घेऊन मंगळवार दिला. त्याआधीच्या दिवसांत मी खोली रिकामी केली, आणि मंगळवारी सकाळी खाट तेवढी राहिली होती ती ओढून दाराशी आणली. टेकूंमधून ती काढताना दोनदा माझं डोकं आपटलं. मग खाली पाहिलं. फरशीवर खाटेच्या पायांचे चार गोल डाग होते, भिंतीजवळ. आणि पंख्याखाली आणखी चार, जुने, जास्त काळे. खाट पंख्याखालीच होती तर एकेकाळी. आई समोरच्या खोलीच्या उंबऱ्यात बसून पन्ह्यासाठी कैऱ्या सोलत होती.

"तुह्या भावाले सांग," ती मान वर न करता म्हणाली, "बाबाले बोल लावू नको म्हणा. त्यायले मीच म्हनलं होतं, वर पानी टाका म्हणून. माह्या जिवासाठी टाकलं त्यायनं."

आता मात्र राहवेना.

"आई, बाबाच्या पान्यानं नाई झालं. माह्या पाईपानं झालं. दुपारच्या पान्यानं. इंजिनिअरनं मले दाखवलं, मी तुले सांगतलं नाई."

मला वाटलं ती सुरी खाली ठेवील. तिने साल एका लांब पट्टीत काढून ताटात टाकली आणि दुसरी कैरी घेतली.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

"काय मालूम हाय?"

"दुपारी तुहा पाईप चालू झाला का वरतून आवाज येत होता. तड. तड. तव्यावर पानी शिंपडल्यावानी. बाबाच्या पान्याचा कधी नाई आला. मंग दोन-तीन वर्सांनी पोपडे पडाले लागले, अंथरुनावर. खाट सरकवून घेतली मी भिंतीकडं. रोज सकाळी झाडून टाकत होती."

म्हणजे मी रविवारी जायची तेव्हा खोली स्वच्छ असायची ती यासाठी. छताला चुन्याने डागडुजी केलेली दिसायची, ती कोणाकडून करून घेतली हे मी कधी विचारलं नव्हतं. जिन्याची किल्ली उशीखाली होती, तीही यासाठीच. मी भडकले.

"अवं, मंग सांगतलं काहून नाई? छत पडलं असतं अंगावर! इतके वर्सं तोंड शिवलं होतं काय तुह्यं?"

"सांगतलं असतं त तू पाईप काढून टाकला असता."

"काढलाच असता ना! नाई त काय केलं असतं?"

आईने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"मंग आयतवारी कायले आली असती तू?"

ती पुन्हा कैरीकडे वळली. बाहेर फोन वाजला, मिस्त्रीचा होता. म्हणाला, निंगूनच राहिलो ताई, फाट्यावरच आहो. मी त्याला न रागावता हो म्हटलं.

मग खाट समोरच्या खोलीत ओढत नेली आणि नीट पंख्याखाली ठेवली. शेजारी माझ्या गादीपुरती जागा उरते का ते पावलांनी मोजून पाहिलं. उरत होती. आई बघत होती, पण वाऱ्याबद्दल काही म्हणाली नाही. मी उंबऱ्यात तिच्या बाजूला बसले, ताटातली एक कैरी उचलली आणि दुसरी सुरी शोधायला लागले. त्या दिवशी रविवार नव्हता, मंगळवार होता.